अडचण, संशय आणि प्रश्न : कामातल्या गुंत्याला हात कुठून घालायचा?



आजचा विषय बदललाय, हे आधीच सांगून टाकतो. जाहीर झालं होतं ते वेगळंच होतं. आयोजकांनी उदार मनाने बदल मान्य केला, त्यांचे आभार.

झालं असं की मागच्या व्याख्यानानंतर एका मुलीने मला गाठलं. मुलगी म्हणतोय, पण त्या एका जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात कनिष्ठ अभियंता आहेत. माझ्या वयाला सगळ्या मुलीच. त्या म्हणाल्या, ‘सर, ज्ञान कशाला म्हणायचं वगैरे ऐकायला छान वाटतं. पण माझ्या टेबलावर एक गाव आहे. योजना पूर्ण झालीय, पंप चालतो, टाकी भरते, आणि शेवटच्या आळीला पाणी जात नाही. दोन वर्षं झाली. सरपंच म्हणतात मोठा पंप द्या. ठेकेदार म्हणतो लोक नळाला मोटारी लावतात. वरची आळी म्हणते पाइप चोक आहे. साहेब म्हणतात अहवाल पाठवा. मी सुरुवात कुठून करू?’

मी तेव्हा काहीतरी गुळमुळीत बोललो. तत्त्वज्ञानाचा माणूस अडचणीत आला की ‘प्रश्न फार मूलगामी आहे’ असं म्हणतो, तसलंच. (हशा) घरी गेल्यावर मात्र ते डोक्यातून जाईना. कारण त्यांनी सांगितलेलं नीट ऐकलं तर त्यात प्रश्न एकही नव्हता. एक अडचण होती आणि चार उपाय होते. मोठा पंप हा उपाय. मोटारी जप्त करा हा उपाय. पाइप उकरा हा उपाय. अहवाल पाठवा हा तर उपायांचा राजा! प्रत्येक उपायाच्या पोटात एकेक प्रश्न गृहीत धरलेला आहे, पण तो कोणी उच्चारलेला नाही. माझं निरीक्षण असं आहे की कामाच्या ठिकाणी बहुतेक अवघड गोष्टी अशाच अवस्थेत आपल्यासमोर येतात. अडचण सगळ्यांना दिसते, उपाय प्रत्येकाकडे असतो, आणि मधली जागा रिकामी असते. आज त्या मधल्या जागेबद्दल बोलायचंय.

आपल्याकडे न्यायदर्शन आहे. गौतमाची सूत्रं आणि त्यावर वात्स्यायनाचं भाष्य. न्याय म्हटलं की पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला डोंगरावरचा धूर आठवतो, धूर आहे म्हणून आग आहे. पण गौतमाने जी सोळा पदार्थांची यादी दिली आहे, तिचा क्रम बघा. अनुमान मांडायची रीत, म्हणजे अवयव, सातव्या जागी येतात. निर्णय नवव्या जागी. आणि तिसऱ्या जागी काय आहे? संशय. प्रमाण, प्रमेय, आणि लगेच संशय. वात्स्यायन याचं कारण देतो. जे अगदीच माहीत नाही त्यावर विचार चालवता येत नाही, आणि जे पक्कं ठरलेलं आहे त्यावर चालवायची गरज नाही. विचाराचं काम सुरू होतं ते संशयापाशी.

आता संशय म्हणजे गोंधळ का? नाही, आणि इथेच गंमत आहे. नैयायिकांचं उदाहरण तुम्हाला माहीत असेल. संध्याकाळची वेळ, लांब काहीतरी उंच उभं आहे. वठलेलं खोड आहे की माणूस? याला ते संशय म्हणतात. यात दोन पक्ष स्पष्ट आहेत. दोघांत समान काय, तर उंची. आणि कशाची वाट बघायची तेही ठरलेलं आहे. हातपाय दिसले तर माणूस, ढोली दिसली तर खोड. या वेगळं करणाऱ्या खुणेला ते ‘विशेष’ म्हणतात. संशयाच्या व्याख्येतच हे घातलं आहे, की संशय ‘विशेषा’ची अपेक्षा करतो. म्हणजे ज्याला काय बघायचं हे कळलेलं नाही, त्याला अजून संशयसुद्धा आलेला नाही. तो नुसता अंधारात उभा आहे.

त्या अभियंता बाईंची अडचण या भाषेत मांडून बघू. ‘शेवटच्या आळीला पाणी जात नाही’ हा अंधार झाला. ‘पाणी वरच्या आळीत मोटारींनी ओढलं जातं, की मुळात तेवढा दाबच खालपर्यंत पोचत नाही?’ हा संशय झाला. दोन्हींत समान काय, तर शेवटचा नळ कोरडा. मग विशेष कुठे शोधायचा? टाकीतून गावात पाणी उताराने जातं, त्याला वीज लागत नाही. घरोघरच्या मोटारींना मात्र लागते. तेव्हा पाणी सोडायच्या वेळी वीज गेलेली असेल अशा दिवशी शेवटच्या आळीत जाऊन उभं राहायचं. नळ वाहिला तर एक पक्ष, नाही वाहिला तर दुसरा. याला अंदाजपत्रक लागत नाही, मंजुरी लागत नाही. पहाटे उठावं लागतं एवढंच.

हे सुचायला मला दोन दिवस लागले, हेही सांगतो. आणि सुचलं ते एका गावातल्या नातेवाईक बाई सहज बोलल्या होत्या म्हणून. ‘लाईट नसली की आमच्याकडे पाणी बरं येतं.’ त्यांना विशेष आधीच सापडला होता, त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

वात्स्यायन संशयाची कारणंही सांगतो. त्यातली दोन कामाच्या माणसाने लक्षात ठेवावी अशी आहेत. एक म्हणजे, नुसतं दिसलं किंवा दिसलं नाही यावर भिस्त ठेवता येत नाही. तळ्यातलं पाणी दिसतं आणि असतं, मृगजळातलं दिसतं पण नसतं. जमिनीखालचं पाणी असतं पण दिसत नाही. दुसरं कारण म्हणजे विप्रतिपत्ती. एकाच गोष्टीबद्दल दोन पक्ष उलटसुलट बोलतात, आणि दोघेही शहाणे असतात. तिथे संशय डोळ्यांच्या कमकुवतपणामुळे आलेला नसतो, माणसांच्या मतभेदातून आलेला असतो.

पहिलं कारण मला कसं समजलं ते सांगतो. ते पुस्तकातून समजलं नाही.

१९८०च्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. तालुक्याच्या गावी एक कॉलेज, नाव सांगत नाही. मी तिथे तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्र शिकवायचो आणि माझ्याकडे वेळापत्रक नि हजेरीचं कामही होतं. पहिला तास सकाळी सात वीसला, आणि तो माझाच. हजेरी घसरत चालली होती. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, हे सोडवा. मी सोडवलं. एक नोटीस काढली, की पहिल्या तासाला गैरहजर राहील त्याची त्या दिवसाची हजेरी धरली जाणार नाही आणि टक्केवारी कमी भरली तर सत्र मान्य होणार नाही. दुसऱ्या सत्रात हजेरी सुधारली. चांगली सुधारली. मी त्याचा तक्ता केला, प्राचार्यांनी स्टाफ मीटिंगमध्ये तो दाखवला, सगळ्यांनी माना डोलावल्या. मी खूष.

पुढच्या जूनमध्ये जुनी मस्टर्स आवरत होतो. तेव्हा लक्षात आलं की हजेरीची टक्केवारी वाढली त्याचं एक मोठं कारण, ज्यांची हजेरी कमी होती त्यांची नावंच पटावरून गेली होती. अपूर्णांकात वरचा आकडा फारसा वाढला नव्हता, खालचा कमी झाला होता. मी तर्कशास्त्र शिकवत होतो, मंडळी. आणि त्याच कपाटात एक अर्ज सापडला. पाच मुलींच्या सह्या. आमच्या गावची एसटी स्टँडवर सात चाळीसला पोचते, तरी पहिल्या तासाची सवलत मिळावी. त्यावर लाल शाईत माझा शेरा होता : ‘वेळेचे नियोजन करावे.’

अर्ज माझ्याकडे होता. मी वाचला होता. वाचून मला तो दिसला नाही, कारण माझ्या डोक्यात प्रश्न शिस्तीचा होता, आणि शिस्तीच्या प्रश्नात असा अर्ज म्हणजे सबब असते. प्रश्न कोणता ते मी आधीच ठरवून टाकलं होतं, त्यामुळे पुरावा हातात घेऊनही मी त्यावर शेरा मारला. मृगजळ मला दिसलं, जमिनीखालचं पाणी दिसलं नाही.

पुढच्या वर्षी मी पहिला आणि चौथा तास यांची अदलाबदल केली. वेळापत्रकाच्या कागदावर दहा मिनिटांचं काम होतं. पाचांतल्या दोघी परत आल्या. तिघी आल्या नाहीत. एकीची भेट बऱ्याच वर्षांनी आठवडे बाजारात झाली. तिने ओळखलं, वाकून नमस्कार केला, मुलाच्या अकरावीच्या प्रवेशाबद्दल विचारलं. त्या तासाबद्दल ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही.

हे इतकं लांबवून सांगितलं, कारण चुकीच्या जागी धरलेल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा ‘बरोबर’ येतं. आकडे सुधारतात, मीटिंगमध्ये माना डोलतात. त्याची किंमत कोणीतरी भरतो, पण तो त्या मीटिंगला नसतो.

आता जरा मोठं उदाहरण घेऊ. एकाच कामात प्रश्न किती वेगवेगळ्या प्रकारचे असतात आणि प्रत्येकाला हात वेगळ्या तऱ्हेने घालावा लागतो, हे दाखवायला मला कोकण रेल्वेइतकं चांगलं उदाहरण माहीत नाही. आपल्यातल्या अनेकांनी त्या गाडीने प्रवास केलाय, खिडकीतून व्हिडिओ काढलेत. १९९०मध्ये महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत साधारण ७४० किलोमीटर, नव्वदहून जास्त बोगदे, लहानमोठे मिळून सुमारे २००० पूल. जानेवारी १९९८मध्ये सगळा मार्ग खुला झाला.

सह्याद्रीतला काळा पाषाण फोडायचा हा एक प्रश्न. कठीण, पण ओळखीचा. खडक कसा वागेल हे बऱ्यापैकी माहीत असतं, यंत्रं कुठली हवीत ते माहीत असतं, मीटरमध्ये मोजता येतं. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. असा प्रश्न आला की जास्त तत्त्वज्ञान करू नये, जाणकार माणूस आणि नीट हत्यार आणावं आणि कामाला लागावं. आपल्या कचेऱ्यांतले निम्मे ‘अवघड प्रश्न’ या वर्गातले असतात. ते कोणीतरी आधी सोडवलेले असतात, आणि आपण अभिमानापोटी विचारायला जात नाही.

पण त्याच मार्गावर काही बोगदे खडकातले नव्हते, मऊ मातीतले होते. पाण्याने भिजलेली चिकण माती. गोव्यातला पेडण्याचा बोगदा सगळ्यात कुप्रसिद्ध. खणलेलं पुन्हा ढासळायचं, पुन्हा खणायचं. खडक फोडणारी यंत्रं तिथे कामाची नव्हती. हाताने, थोडं थोडं, आधार देत देत पुढे जावं लागलं. त्यात माणसं गेली. दीड किलोमीटरच्या त्या एका बोगद्यासाठी सगळा मार्ग थांबून राहिला होता. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही बोगदेच दिसतात. पण करबुड्यात जी शहाणपणाची गोष्ट, म्हणजे आराखडा करा आणि वेगाने चला, ती पेडण्यात घातक. इथे आज केलेलं उद्या बघायचं, आणि मगच परवाचं ठरवायचं. ज्या कामात आपण हात लावला की ते कामच हलतं, त्यात पुढचा सहा महिन्यांचा तक्ता भिंतीवर लावणाऱ्या साहेबाची मला भीती वाटते.

आणि तिसरा प्रश्न गोव्यातच, पण जमिनीच्या वर. मार्ग किनाऱ्याजवळून न्यायचा की आतल्या भागातून, यावर १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मोठं आंदोलन झालं. जुन्या गोव्याची वारसास्थळं, खाजन जमिनी. खाजन म्हणजे भरतीच्या पाण्याला बांध घालून आणि ‘मानशी’ची दारं बसवून पिढ्यान्‌पिढ्या राखलेली शेतं. काम काही काळ थांबलं, न्यायमूर्ती ओझांचा आयोग नेमला गेला, पुढे थोडेफार बदल होऊन मार्ग बहुतांशी तोच राहिला. कोण बरोबर होतं यात मी पडत नाही. मला एवढंच दाखवायचंय की पूल किती मजबूत आहे या माहितीने तो वाद मिटणारा नव्हता. विरोधकांनी ‘पूल पडेल’ असं म्हटलंच नव्हतं. ती विप्रतिपत्ती होती. अशा ठिकाणी आणखी मोजमाप करून उपयोग नसतो, आधी समोरच्याला काय राखायचंय ते ऐकावं लागतं आणि निवाडा कोणी करायचा हे ठरवावं लागतं. आपण काय करतो? लोक रागावले की त्यांना आणखी एक सादरीकरण दाखवतो.

मीटिंगचा विषय निघालाच आहे, तर न्यायदर्शनातली आणखी एक गोष्ट. चर्चेचे त्यांनी तीन प्रकार सांगितले. वाद, जल्प आणि वितंडा. मराठीत ‘वाद’ म्हणजे भांडण झालंय, पण मुळात वाद म्हणजे दोघांनाही खरं काय ते हवंय अशी चर्चा. जल्प म्हणजे जिंकायला केलेली. आणि वितंडा म्हणजे स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचा फक्त खोडत जायचं. वितंडेला तुम्ही ओळखता, तो प्रत्येक कमिटीत असतो, ‘हे काही होणार नाही’ एवढंच त्याचं योगदान. पण गौतम त्याला पूर्ण मोडीत काढत नाही. कोवळ्या रोपाभोवती काटेरी कुंपण घालावं तसा जल्पाचा आणि वितंडेचा उपयोग आहे, असं तो म्हणतो. कामाच्या ठिकाणी माझा सल्ला असा, की मीटिंग बोलावण्याआधी आपल्याला यातलं काय हवंय ते स्वतःशी ठरवा. संशय अजून ठरायचा असेल तर पाचसहा माणसांची मीटिंग घेऊच नका, तिथे जल्प होणार. ज्याला पाणी मिळत नाही त्याच्या ओट्यावर जाऊन बसा.

गणिती लोकांची एक पद्धत इथे आठवते. जॉर्ज पोल्या नावाचे हंगेरियन गणिती, त्यांचं १९४५चं ‘हाऊ टू सॉल्व्ह इट’ हे छोटं पुस्तक प्रसिद्ध आहे. मोठा प्रश्न सुटत नसेल तर त्याच्यासारखा सोपा प्रश्न शोधा, असा त्यांचा एक सल्ला. चांगला आहे, मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं दिला. पण गणितात एक सोय आहे, चुकलं तर पान फाडता येतं. १९७३मध्ये रिटेल आणि वेबर या बर्कलीच्या दोघा प्राध्यापकांनी नियोजनाच्या प्रश्नांबद्दल एक लेख लिहिला, त्यात नेमकं यावर बोट ठेवलं. सामाजिक कामात फुकटचा प्रयत्न नसतो, प्रत्येक प्रयत्न मागे काहीतरी सोडून जातो. टाकलेली पाइपलाइन उकरून परत नेता येत नाही. म्हणून कुठला प्रश्न आहे याची खात्री नसेल, तेव्हा पहिलं पाऊल मागे घेता येईल असं निवडायचं. तासांची अदलाबदल मागे घेता आली असती. पटावरून गेलेली नावं मागे घेता आली नाहीत. मी दोन्ही गोष्टी केल्या, फक्त क्रम उलटा लावला.

आता तुम्ही म्हणाल, सर, एवढं सगळं करायला वेळ कोणाला आहे? साहेब संध्याकाळपर्यंत उत्तर मागतात. खरं आहे. पण वेळ नाही म्हणून आपण जे करतो ते दोन वर्षं चालतं, हेही त्या गावात दिसतंच आहे. आणि साहेबांना संध्याकाळी पाठवायला एक ओळ पुरते : ‘कारण अ आहे की ब हे ठरलेलं नाही, अमुक दिवशी बघून सांगते.’ असं लिहायला मात्र धीर लागतो. न कळल्याची कबुली आपल्याकडे कमीपणाची मानतात. मी स्वतः चाळीस वर्षांच्या नोकरीत असं किती वेळा लिहिलं, ते मोजायला एक हात पुरेल.

तर त्या अभियंता बाईंना मी फोन केला, वीज नसलेल्या दिवसाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, बघते. आठ दिवसांनी त्यांचा फोन. एका पहाटे वीज नव्हती, त्या गावात जाऊन शेवटच्या नळापाशी उभ्या राहिल्या. पाणी आलं. पण अर्ध्या तासाने आलं, आणि बारीक धार.

म्हणजे दोन्ही! मोटारीही आहेत आणि दाबही कमी आहे. खोड की माणूस म्हणावं, तर खोडाला टेकून माणूस उभा. (हशा) माझा सगळा डौल उतरला. त्या मात्र खुशीत होत्या. म्हणाल्या, ‘सर, आता निदान दोन कामं वेगळी झाली. दाबाचं काम माझं आहे, ते मी हिशोब करून बघते, मधे एखादा व्हॉल्व्ह अर्धवट बंद असेल तर तो आजच्या आज बघता येईल. मोटारींचं काम माझ्या एकटीचं नाही. ते ग्रामसभेत जाईल, आणि तिथे वरच्या आळीलाही बोलू द्यावं लागेल. त्यांच्याकडेही पाणी वरच्या मजल्यावर चढत नाही म्हणूनच त्यांनी मोटारी लावल्यात.’

ही शेवटची गोष्ट माझ्या ध्यानातही आली नव्हती.

बाई आज इथे आल्या आहेत, तिसऱ्या रांगेत बसल्यात. व्हॉल्व्हचं काय झालं ते मला माहीत नाही. प्रश्नोत्तरांची वेळ झालीच आहे, तर पहिला प्रश्न मीच विचारतो, आणि माइक त्यांच्याकडे द्या.